फजलभाईने कान लावला होता

बोनकोड्यापासून तळवलीपर्यंतच्या गावांत जुनी गाडी विकत घ्यायची तर एक रीत होती. कागदपत्रं नंतर, भाव नंतर, पेढे तर फारच नंतर. आधी गाडी फजल मुकादमच्या गॅरेजसमोर आणून उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि सगळ्यांनी तोंडं बंद करायची. फजल हातातलं काम टाकून उठायचा, कपाटामागून हातभर लांब पेचकस काढायचा, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचा. पेचकस वर, मग मध्ये, मग खाली सरकायचा. शेवटी डोळे उघडून एकच शब्द: "घे" किंवा "नको." त्यावर वाद घालायची सोय नव्हती. ज्यांनी घातला ते चार दिवसांत टोचन लावून परत आले, आणि फजलने त्यांना चहा पाजून पुन्हा तेच सांगितलं.

आता मुद्दा असा, की या कानाला गेली दोनेक वर्षं धड ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक खुद्द फजल, तो कबूल करत नव्हता. दुसरी त्याची बायको इशरत, ती रोज बोलून दाखवायची, पण ऐकायला समोर फजलच असायचा.

फजल मूळचा रायगडातल्या खाडीकाठच्या गावचा. तिथे घरटी एक माणूस बोटीवर, नाहीतर आखातात. फजलला बोट लागायची, म्हणून तो ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत, गाड्यांच्या वर्कशॉपात लागला. तिथे दिवसभर हातोडे, कॉम्प्रेसर आणि जनरेटर कानाशी बोंबलत असत. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. ते घातले की इंजिन ऐकू येत नाही म्हणून फजल ते खिशात ठेवायचा आणि घरी आणून पोरांना खेळायला द्यायचा. इंजिनं ऐकण्याच्या नादात इंजिनांनीच कान खाल्ले, पण हे खाणं इतकं सावकाश चाललं होतं की कळायला तीस वर्षं गेली.

त्याचं नाव झालं ते तळवलीच्या शिवा माढवीमुळे. शिवाची भातशेती प्लॉटांखाली गेली. तेव्हा गावातल्या भल्याभल्यांनी बंगले बांधले, हळदी घातल्या आणि हात झटकून मोकळे झाले. शिवाने एक जुनी दहा सीटांची जीप पाहिली आणि ती नव्याने गॅरेज काढलेल्या फजलकडे घेऊन आला. फजलने कान लावला आणि म्हणाला, "घे." जीपने शिवाचं घर चालवलं. शिवाही असा गडी, की ज्या मांडवात जेवायला बसेल तिथे शेजारच्या पानाला सांगायचा, "इंजिन घ्यायचं तं फजलला दाखव. त्याचा कान खोटा बोलत नाय." फजलचं नाव त्या जीपच्या टपावर बसून गावोगाव फिरलं. पुढे शिवा गेला, आणि त्याच्या थोरल्या लेकीने, निशिगंधाने, स्टिअरिंग हातात घेतलं. बायकांनी जीप चालवायची का, यावर गावाने आठवडाभर चर्चा केली आणि नंतर तिच्याच जीपने बाजारहाट करायला सुरुवात केली. एरवी ती कंपनीतल्या बायकांची ने-आण करायची. लगीनसराईत तिच्या जीपमध्ये धवलारणी असायच्या.

आगरी लग्नात धवलारीण नसेल तर मांडव उभा राहून काय उपयोग! डीजे कितीही आदळो, हळदीला आणि लग्नाला धवले म्हणायला, त्या गाण्यांनीच लग्न लावायला ती लागतेच. तळवलीच्या केशरबाई अशाच एक धवलारीण होत्या. अक्षरओळख नव्हती, पण रात्रभर पुरतील एवढे धवले तोंडपाठ. सोबतच्या बायकांपैकी एखादीची टाळी जरा जरी मागे पडली, तरी केशरबाई गाणं न थांबवता त्या बाईकडे अशी पाहायच्या की ती बिचारी ताठ बसायची. शिवाचं लग्न त्यांनी लावलं, निशिगंधाचंही त्यांनीच. निशिगंधा त्यांना पुढच्या सीटवर बसवायची.

फजलच्या कानातून बारीक आवाज आधी गेले. इंजिनाच्या वरच्या बाजूला टॅपेटची टिकटिक असते, ती गेली. मग घरात कुकरची शिट्टी गेली. मग एक रातकिडा कानात येऊन बसला आणि दिवसरात्र किरकिरत राहिला. त्यामागून बायकांचे आवाज, मग पुरुषांचे. मशिदीत फजल मागच्या रांगेत उभा राहायला लागला, म्हणजे पुढचे वाकले की आपणही वाकायचं. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघायचं. हाताखाली माणूस ठेवायचा नाही, कारण तो दोन दिवसांत ओळखेल. फोन आला तर मोठ्याने "हां, हां, चालेल, चालेल" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. बहुतेक लोक गाडी कधी आणू एवढंच विचारतात, त्यामुळे हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं.

"कानाचं मशीन लावा," इशरत म्हणायची. आधी साध्या आवाजात, मग जवळ येऊन, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने. "लोक चष्मा लावतात, त्यांची लाज वाटते का?"

"चष्मेवाला मिस्त्री चालतो. मशीन लावलेल्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणंल?"

"आणि चुकलं कायतरी तर?"

हे त्याला ऐकू यायचं नाही, किंवा यायचं. इशरतला ते कधीच नक्की कळलं नाही.

गाड्यांची परीक्षा मात्र चालूच होती. पेचकस लावायचा, डोळे मिटायचे, आत फक्त रातकिडा. मग धुराचा रंग, ऑइलच्या झाकणावरचा मळ, विकणाऱ्याची घाई, असं सगळं जमेला धरून "घे" नाहीतर "नको" म्हणायचं. इतक्या वर्षांचा अनुभव होता, अंदाज बरेचदा बरोबर यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाला कान आणि अंदाज यांतला फरक कळत नव्हता, आणि फजलही तो हळूहळू विसरत चालला होता. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

होळी झाली आणि लग्नं सुरू झाली. एका सकाळी निशिगंधाची जीप गॅरेजसमोर उभी राहिली. पुढे केशरबाई बसल्या होत्या, मागे त्यांच्या दोघी सोबतिणी. नेरूळला एका हळदीहून त्या परतत होत्या.

"चाचा, ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय," निशिगंधा म्हणाली. फजलसमोर ती नेहमी तोंड वर करून स्पष्ट बोलायची. ती लहानपणापासूनच तशी होती, म्हणून फजलला तिच्याशी बोलणं सोपं जायचं. "सिग्नलला थांबलं की लागतो, निघालं की जातो."

फजलने पट्टी ओढून बघितली. ऑइल पुरेसं होतं. म्हणजे आता दोनच शक्यता. एक तर दिव्याचा स्विच खराब असेल. तो स्वस्तातला आजार, जुन्या गाड्यांना नेहमीचा. नाहीतर खरोखरच ऑइलचा दाब पडत असेल, आणि तो आजार जिवावरचा. इंजिन म्हातारं झालं की आतली बेअरिंगं झिजतात, फटी वाढतात, आणि ऑइल गरम होऊन पातळ झालं की त्या फटींतून गळून जातं. चाळीतली पाइपलाइन जागोजागी फुटली की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसंच. मग धातूवर धातू घासतो, खालून ठोका येऊ लागतो, आणि एक दिवस इंजिन जागच्या जागी जाम होतं, पकडतं.

या दोहोंतलं कुठलं, हे ओळखायचे रस्तेही दोन. स्विच काढून त्याच भोकात काट्याचं मीटर बसवायचं आणि इंजिन तापवून दाब किती ते डोळ्यांनी बघायचं. असं मीटर फजलकडे होतं, माळ्यावर, कंपनी सोडताना मिळालेलं. त्याने ते कधीच लावलं नव्हतं. "काटे बघतो तो घड्याळजी, मिस्त्री नव्हे," असं तो ऐटीत सांगायचा आणि गावं ते वाक्य कौतुकाने घोळवायची. दुसरा रस्ता पेचकसाचा.

समोर चौघी बायका. शेजारचा पानवाला येऊन उभा राहिलेला. आज मीटर काढलं तर पानवाला विचारणार, फजलभाई, आज हे काय नवीन? फजलने पेचकस उचलला. टोक खाली, ऑइलच्या चेंबरच्या वर टेकवलं. मूठ हाडाला लावली. डोळे मिटले.

रातकिडा किरकिरत होता.

"स्विच गेलाय," फजल म्हणाला.

नवीन स्विच आणून बसवेपर्यंत बायकांचा चहा झाला आणि इंजिन थंड झालं. थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, दाब आपोआप चढतो. दिवा लागला नाही. हे फजलला कळत नव्हतं असं नाही. त्याला ते चांगलं कळत होतं, आणि तरीही दिवा विझलेला बघून त्याला बरं वाटलं. त्याची चूक नेमकी इथे सुरू झाली, हे आपण लिहून ठेवलेलं बरं.

निघताना केशरबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या दंडाला धरलं. त्याने तोंडाकडे बघावं म्हणून नव्हे, त्यांची बोलायची पद्धतच तशी.

"फजल, गारीच्या पोटानशी ठोका येतंय. थंडी असली का नाय येत, तापली का येतंय. मना आयकू येतं."

फजलला ते ओठांवरून कळलं. सगळं कळलं. पानवाल्यालाही ऐकू गेलं होतं, आणि तो फजलकडे बघत होता.

"केशरबाई, तुमी लग्नं लावा. इंजिन माज्यावर सोडा."

मागच्या बायका हसल्या, पानवाला हसला. केशरबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात आत घेतला आणि पदर सारखा केला.

दिवा पुन्हा लागायला फार दिवस लागले नाहीत. या वेळी निशिगंधा एकटीच आली. दोन तास काम नाही म्हणाली, तेव्हा फजलने सांगितलं, "ठेवून जा, निवांत बघतो." ती कोपरखैरण्याला बाजारात गेली. फजलने शटर अर्ध्यावर ओढलं, माळ्यावर चढला आणि मीटर खाली काढलं. त्याच्यावर इतकी धूळ होती की काच दोनदा पुसावी लागली.

इंजिन थंड असताना काटा छान उभा राहिला. फजल स्टुलावर बसला आणि बघत राहिला. इंजिन तापत गेलं आणि काटा उतरत गेला, घाई न करता, थोडा थोडा. शेवटी तो तळाला जाऊन थरथरत टेकला. फजलने रेस दिली तर आळसटल्यासारखा जरा उठला, सोडली की पुन्हा पडला. त्याने इंजिनाच्या अंगावर उघडा तळहात ठेवला. कानांनी जे सोडलं होतं ते हाताला लागलं: खालून, खोलातून, ठक, ठक. केशरबाईंनी सांगितलं होतं तस्सं.

करायचं काय ते स्वच्छ होतं. चेंबर खोलायचं, पंप बघायचा, बेअरिंगं काढायची. क्रँकही घासला गेला असणार, म्हणजे इंजिन खाली उतरवावंच लागणार. तोवर जीप एक मैल चालवायची नाही. हे निशिगंधाला सांगायला अवघड नव्हतं. ती रागावली नसती. लगीनसराई बुडाली असती, तिने दुसऱ्या कुणाची गाडी मागितली असती, बस. पण तिने विचारलं असतं, चाचा, मग त्या दिवशी स्विच कसा काय? आणि या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं. ते एकदा तोंडातून निघालं की गेल्या दोन वर्षांत "घे" म्हटलेल्या सगळ्या गाड्या त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या असत्या. शिवाने मांडवामांडवात सांगितलेलं वाक्य खोटं पडलं असतं.

फजलने जुनं ऑइल काढलं आणि नव्यात जाडं ऑइल मिसळलं, गिअरबॉक्समध्ये घालतात तसलं. घट्ट ऑइल फटींतून लवकर गळत नाही. काटा थोडा वर राहिला, दिवा विझला. हा उपाय नव्हे, हे पहिल्या वर्षाचा शिकाऊही सांगेल. तापाच्या माणसाला पावडर लावून उभं करायचं, यातला हा प्रकार. लग्नं संपली की उतरवू, फजलने स्वतःशी ठरवलं. मीटर काढून पुन्हा माळ्यावर टाकलं आणि शटर वर केलं.

निशिगंधा आली ती हातात डबा घेऊन. "केशरमावशीने दिलाय. हळदीचे वडे. आठवणीने दे म्हणाली तुम्हाला."

फजलने डबा घेतला. वडे अजून कोमट होते.

"झालं काम?"

"झालं. जास्त पळवू नको."

"मी कधी पळवते? चाचा, कान लावला ना नीट?"

तिने ते सहज विचारलं होतं. तिचा बाप विचारायचा तसंच.

"लावला," फजल म्हणाला.

वैशाखातली गोष्ट. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फजल एका रिक्षाखाली आडवा होता तेव्हा छातीवरच्या खिशातला फोन थरथरला. त्याने बाहेर येऊन नाव बघितलं. निशिगंधा. कानाला लावला तर आत नुसती भरभर, वाऱ्याची किंवा गाड्यांची, आणि त्या भरभरीत कुठेतरी तिचा आवाज असावा. ओठ दिसत नव्हते. तिला इंजिनाचं काम करायचं असेल, कधी आणू विचारत असेल. त्याला तेच हवं होतं. लग्नं संपत आली होती.

"हां पोरी, हां. चालेल, चालेल," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकून पुन्हा रिक्षाखाली गेला. त्याला हलकंही वाटलं थोडं.

चार वाजायच्या सुमारास पानवाला धावत आला. त्याचे ओठ इतके भरभर हलत होते की फजलला काही समजेना. शेवटी पानवाल्याने आपला मोबाइल त्याच्या डोळ्यांपुढे धरला. उरणकडे जाणारा उड्डाणपूल. कंटेनरचा ट्रेलर तिरका उभा. त्याच्या पुढे, चेपलेल्या पत्र्यात, जीपचा टप. टपावरचं नाव फजलने शिवासाठी स्वतः रंगवलं होतं.

पूल चढता चढता इंजिन पकडलं होतं. मागची चाकं जाम झाली आणि जीप रस्त्याच्या मध्येच खिळल्यासारखी उभी राहिली. मागून येणाऱ्या ट्रेलरला थांबायला जागा नव्हती. मागच्या बायकांना खरचटण्यावर निभावलं, कारण ट्रेलर मागच्या कोपऱ्यावर आदळून जीप गरकन फिरली आणि डावी बाजू कठड्यावर चिरडली. डावीकडे, पुढच्या सीटवर, केशरबाई होत्या. त्या तिथेच गेल्या. निशिगंधाचा उजवा पाय वाचला, डावा गुडघ्यापासून काढावा लागला.

तळवलीत केशरबाईंना नेताना त्यांच्याच सोबतिणी धवला म्हणायला निघाल्या आणि मध्येच अडखळल्या, कारण पुढची ओळ कुणालाच धड येईना. फजल गर्दीत कडेला उभा होता. त्याला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. तो तसा तयारीने आला होता, एकपरीने वाटच बघत होता. झालं उलटंच. माणसं एकेक करून त्याच्याजवळ आली, पाठीवर हात ठेवू लागली. शिवाचा धाकटा भाऊ विलास त्याला बाजूला घेऊन मोठ्याने म्हणाला, "तू कशाला मनाला लावून घेतो? गारीत दोष नव्हता. तू कान लावला होतास ना! हे त्या ट्रेलरवाल्याचं काम हाय. तसं लिवून पन दिलाय आमी."

चौकीतही तेच. इन्स्पेक्टरने विचारलं तर गावची माणसं एका तोंडाने म्हणाली, फजलभाईने कान लावला होता. ट्रेलरचा ड्रायव्हर, कुठलासा बिहारकडचा पोरगेला माणूस, आत बसला होता. गज धरून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी सांगत होता. फजलला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि काय सांगत असेल ते सगळं कळलं. बाहेर आवारात जीप टाकली होती. फजल वाकला आणि त्याने खाली बघितलं. इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून तुटलेला रॉड बाहेर आला होता. जमिनीवर ऑइल सांडून वाळलं होतं, काकवीसारखं जाड.

त्याने इशरतला घरी येऊन सगळं सांगितलं. पहिल्यापासून, मीटरपासून, वड्यांच्या डब्यापासून. त्याचं झाल्यावर तिने बुरखा चढवला आणि चपला घातल्या.

"चला," ती म्हणाली. एकदाच, मोठ्याने.

इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डात गर्दी होती. निशिगंधा खिडकीजवळच्या खाटेवर होती. चादर एका बाजूला सपाट पडली होती आणि फजल तिकडे न बघायचा प्रयत्न करत होता. ती उठून बसली नाही. उशीवर मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि शिवासारखे तिचे ते मोठे डोळे बघून फजलला तिथून पळून जावंसं वाटलं. इशरत त्याच्या मागेच उभी होती.

"मला ऐकू येत नाय, पोरी," तो म्हणाला.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा लागतो ते कळत नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायका, त्यांच्या डब्यांशी बसलेले नातेवाईक, सुई घेऊन आलेली नर्स, सगळे वळले. फजलने बघितलं आणि तरी तो थांबला नाही. त्याला थांबायचं नव्हतंच.

"दोन वर्षं झाली. मी पेचकस लावतो, आत काय ऐकू येत नाय. तुझ्या गाडीला पन काय ऐकलं नाय. नंतर मीटर लावलं तेव्हा कळलं, दाब नव्हता. केशरबाई बरोबर बोलत होती. मी जाडं ऑइल घालून दिवा बंद केला आणि तुला बोललो, कान लावला. खोटं बोललो. चौकीत जातो मी आता, ट्रेलरवाल्याचा दोष नाय म्हणून सांगतो. तू काय बोलायचं ते बोल."

निशिगंधाने डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. तिची हनुवटी हलली. ती काहीतरी बोलली होती, पण भिंतीशी, आणि ओठ दिसत नव्हते. तोंड वर करून त्याच्याशी स्पष्ट बोलायची तिची सवय त्या दिवशी सुटली.

फजल वळून इशरतकडे बघत राहिला. दोन वर्षं ती त्याला प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांदा सांगत आली होती, वैतागून का होईना. आता तिचे डोळे भरून आले होते, आणि ती मान हलवत होती, नको, नको, म्हणून.

"काय बोलली?" फजलने विचारलं. "इशरत, काय बोलली ती?"

"घरी चला."

"सांग. मला कळायला पायजे."

इशरतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रोजच्यासारखी ती त्याच्या कानाशी वाकली, जिथे तो पेचकसाची मूठ टेकवायचा तिथेच तिचं तोंड आलं, आणि त्याला नीट ऐकू जावं म्हणून तिला मोठ्यानेच बोलावं लागलं.

"ती म्हणते, पूल चढायच्या आधी मी गाडी बाजूला घेतली होती. खालून मोठा आवाज यायला लागला होता. केशरमावशी म्हणाली, पुढं नको नेऊ. म्हणून मी चाचाला फोन करून विचारलं, थांबवू का पुढं नेऊ. चाचा म्हणाला, चालेल."

सगळ्या वॉर्डाने ते ऐकलं. फजलनेही ऐकलं, या वेळी एकदाच सांगून.